पाणी तोडण्याचे दिवस

आमच्या शिवारात उभ्या पिकाचं पाणी जाणूनबुजून बंद केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाणी आपलं आपणच बंद व्हायचं. विहीर आटायची, बोअर नुसती हवा फेकायचा, नाहीतर लाईट जायची. तळ्यात पाणी असताना माणसाने कॉक फिरवायचा आणि झाड तहानलेलं ठेवायचं, ही गोष्ट आमच्याकडे दारूच्या द्राक्षांबरोबर आली. त्याला पाणी तोडणं म्हणतात.

द्राक्षं मुलाने लावली. आमची जमीन चकलांब्याच्या बाजूला आहे. वरचा अर्धा तुकडा मुरमाड, खालचा काळा. मुलगा एका शेतकरी मेळाव्याला गेला होता, तिथे त्याला नगरच्या पलीकडच्या एका वाइनच्या कारखान्याची माणसं भेटली. त्यांना नवीन भागात वेली लावून बघायच्या होत्या. आमची हवा कोरडी, पाऊस कमी, त्यामुळे रोग कमी येईल असं त्यांचं म्हणणं. दुष्काळाचा कुणाला उपयोग होतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. वेल धरला की तीन हंगाम माल घ्यायचा आणि मग पुढचं ठरवायचं, असा करार झाला.

गाव हसलं. आमच्याकडे कारखाना म्हणजे उसाचा. हा कारखाना दारूचा म्हटल्यावर बाया मला दळण आणायला गेलं तरी विचारायच्या, काकू, भट्टी कधी लावता. मी सांगायची, लावली की पहिला गिलास तुझ्या नवऱ्याला. मग गप्प बसायच्या, कारण ज्यांचे नवरे पीत नव्हते त्या असं विचारतच नव्हत्या.

ही द्राक्षं बाजारातल्यासारखी नसतात. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया, रंग काळा. पोरं तोडून तोंडात टाकायची आणि थुंकायची, त्यामुळे चोरी झाली नाही. खाण्याच्या द्राक्षाला औषधात बुडवून फुगवतात, पाणी पाजून टपोरं करतात. इथे उलटं. मणी लहान पाहिजे आणि रस दाट पाहिजे. कारखान्याकडून एक मुलगी बघायला यायची. शेतीचं शिकलेली, तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवर यायची, सगळे तिला मॅडम म्हणायचे. तिच्याकडे एक लहान नळी होती. मणी चिरडून नळीच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं, आत साखरेचा आकडा दिसतो. तशीच एक नळी मुलाने घेतली. बावीसच्या वर आकडा आला की माल तोडायचा, त्याच्या खाली त्यांना नको.

पहिला हंगाम उन्हाने घालवला. माघातच चैत्रासारखं तापायला लागलं, रात्रीसुद्धा अंगावर पांघरूण नको वाटायचं. साखर भराभर चढली, पण आंबटपणा उडून गेला. मॅडम म्हणाली, दारूला गोड आणि आंबट दोन्ही लागतं, आणि आंबट धरून ठेवायला रात्र थंड लागते. माल घेतला, पण तोंड वाकडं करून घेतला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी झाली, फुटवे निघाले, घड दिसायला लागले आणि दिवाळीभर पाऊस लागला. पानांखाली पांढरी बुरशी आली. त्याला डाउनी म्हणतात. घड हातात घेतला की गळून पडायचा. एक टेम्पोसुद्धा भरला नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र सगळं जागेवर होतं. छाटणीनंतर पाऊस नाही. पौषात अशी थंडी की मीसुद्धा मुलाचं जुनं स्वेटर लुगड्यावर घातलं. दिवसा कोरडं ऊन, पानं स्वच्छ. घड मोजके आणि घट्ट भरलेले.

मुलाने मला आणि माझ्या म्हाताऱ्याला, म्हणजे त्याच्या बापाला, समोर बसवून सांगून टाकलं होतं. या वर्षी कारखान्याने माल धरला तर द्राक्षं ठेवीन. नाही धरला तर वेल काढून टाकीन आणि चाकणला जाईन. सुनेचा भाऊ तिथे एका कंपनीत होता, त्याने जागा बघून ठेवली होती. सुनेला दोन्ही चालणार होतं. मला चालणार नव्हतं. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, मला साखरेची गोळी चालू, दोन म्हशी, बोअर, आणि लाईट येणार एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. पोरगा गेला असता तर वर्षभरात सगळं मोडलं असतं आणि आम्ही दोघं त्याच्या चाकणच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो असतो. तसे बसलेले म्हातारे मी पाहिलेत.

मण्यांनी रंग धरला तशी मॅडम आली. म्हणाली, आता पाणी तोडा, तोडणी होईपर्यंत थेंब द्यायचा नाही. मुलाने ठिबकचे सगळे कॉक बंद केले. थोड्या दिवसांत खालची पानं पिवळी पडली, शेंडे वाळले. मॅडमने फोटो बघितले आणि फोनवर सांगितलं, उत्तम आहे.

इथे मोसंबीचं सांगावं लागेल. या जमिनीत आधी मोसंबी होती आणि ती म्हाताऱ्याने लावली होती. टँकरच्या सालात ती वाळली. तेव्हा गावात प्यायला पाणी मोजून मिळायचं. आम्ही परातीत बसून अंघोळ करायचो आणि ते पाणी म्हातारा घागरीने झाडांना नेऊन घालायचा. भांड्यांचं खरकटं पाणीही न्यायचा. झाडाला वाटीभर पाणी पोचत असेल. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एकही झाड हिरवं नव्हतं. त्याने स्वतःच कुऱ्हाड घेतली. सरपण विकलं. आजही कुणी मोसंबीचा रस पुढे केला तर पोट बिघडतं म्हणतो. पोट काही बिघडत नाही.

त्यानंतर त्याने शेताच्या खालच्या अंगाला बांध घालायला घेतला. दगड आणायचा, माती टाकायची, दरवर्षी थोडा वाढवायचा. शेतात पडलेलं पाणी शेतातच राहिलं पाहिजे, हे एकच त्याच्या डोक्यात. शेजारी दिराच्या मुलाचं रान आहे. तो म्हणायचा, चुलते, बांध घालताय का धरण. म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

तर असा माणूस रोज काठी टेकत द्राक्षात जायचा आणि पिवळी पानं उलटून बघायचा. त्या वर्षी शेततळं भरलेलं होतं, बोअर चालू होता. जेवताना घास हातात धरून एकदा म्हणाला, पाणी असून कोण मारतं झाडाला. मुलाने समजावलं, मॅडमने सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. मान हलवली म्हणजे पटलं असं नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे, मुलगा शिकला नव्हता.

साखर बावीसच्या जवळ आली. मुलगा क्रेट आणि कात्र्या आणायला गेवराईला गेला. मी आणि सून घरी तूर निवडत होतो. दुपारी लाईट आली. म्हाताऱ्याने मोटार चालू केली, सगळे कॉक उघडले आणि दिवस मावळेपर्यंत उघडे ठेवले. त्या रात्री त्याने एक भाकरी जास्त खाल्ली. मला वाटलं, थंडीने भूक लागली असेल.

सकाळी मुलगा नळी घेऊन गेला. मी म्हशीचं गवत कापायला तिकडेच होते. त्याने काचेवर थेंब टाकला, बघितलं, काच सदऱ्याला पुसली, दुसऱ्या वेलीचा मणी घेतला. तिसऱ्या ओळीत गेला. आकडा एका दिवसात चांगलाच खाली आला होता. मग त्याने खाली बसून वेलीच्या बुडाशी बोट खुपसलं. बोटाला चिखल लागून आला. म्हातारा बांधाजवळ उभाच होता.

"आबा, पाणी सोडलं का?"

"सोडलं. पानं करपायली व्हती."

"कावून सोडलं? सांगितलं व्हतं ना तुमाला?"

"तळं भरलेलं हाय आन झाड वाळायलंय. डोळ्यानं बघत बसू का?"

मुलगा रिकाम्या क्रेटवर बसला. बापाला शिवी द्यायची पद्धत आमच्यात नाही, म्हणून तो नुसता बसून राहिला. मी विळा खाली ठेवून म्हाताऱ्याजवळ गेले.

"आवो, ही मोसंबी न्हाई," मी म्हणाले.

"झाड झाडच असतं," तो म्हणाला आणि घराकडे निघून गेला.

मॅडम दुपारी आली. तिने वरच्या आणि खालच्या ओळीतले मणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतले, पिशवीतच चिरडले आणि नळीत बघितलं. म्हणाली, काल बघितलं असतं तर उद्याच गाडी पाठवली असती. आता मणी पाणी प्यालाय, रस पातळ झालाय. ऊन लागू द्या, आठवडाभर थांबा. मग तिने विचारलं की पाणी कुणी दिलं. म्हातारा चहाचा कप घेऊन तिथेच उभा होता. मुलगा म्हणाला, माझ्याकडून कॉक उघडा राहिला. मॅडमने त्याच्याकडे असं बघितलं, जणू या माणसाच्या नादी लागून चूक झाली. म्हाताऱ्याने उरलेला चहा पिऊन टाकला. मीही ते तसंच राहू दिलं. बोलून साखर चढणार नव्हती.

दोन दिवस ऊन चांगलं पडलं. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. फोनवर पावसाचं चिन्ह दिसायला लागलं. मुलगा ते चिन्ह दर थोड्या वेळाने बघायचा, जसं काही बघितल्याने ते पुसलं जाईल. आता दोन वाटा होत्या. आहे तसा माल तोडला तर कारखाना पडेल त्या भावात हलक्या कामाला घेईल, पण करार तिथेच संपेल. थांबलो आणि पाऊस आला तर मणी फुटतील आणि काहीच उरणार नाही. सून म्हणाली तोडा. म्हाताऱ्याला कुणी विचारलं नाही. मुलाने मला विचारलं.

मी म्हणाले, "कच्चं तोडलं तरी तू चाकणला जाणार, अन सडलं तरी जाणार. मग थांब की."

तो थांबला.

दिराचा मुलगा बांधावर येऊन आभाळाकडे बघून म्हणाला, "काकू, तुमच्या दारूत देवच पाणी टाकायलाय." त्याची ज्वारी काढून झाली होती, कडबा झाकून ठेवला होता, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

पाऊस दुपारी आला. आधी वारा, मग हरभऱ्याएवढ्या गारा, त्या थोड्याच पडल्या, आणि मग पाऊस. जून महिन्यात आला असता तर आम्ही त्याला मोठा पाऊस म्हटलंही नसतं, इतकाच होता. पण वर मुरमात पडलेलं पाणी वाहून खालच्या काळ्या रानात आलं आणि बांधाला अडलं. म्हाताऱ्याने इतकी वर्षं रचलेला बांध. थेंब बाहेर जात नव्हता. खालच्या ओळींत पोटरीपर्यंत पाणी उभं राहिलं आणि हळूहळू वरच्या ओळींकडे सरकायला लागलं.

पाऊस थांबल्या थांबल्या मुलाने तोडणीसाठी सांगून ठेवलेल्या बायांना बोलावलं. घडात पाणी थांबलं की मणी सडतो, म्हणून वेलींच्या मांडवाच्या तारा हलवून पाणी झाडायचं. सगळ्या ओळीओळीने तारा हलवत होत्या. मीही हलवत होते. वरून अंगावर इतकं पाणी पडायचं की पुन्हा पाऊस आल्यासारखं वाटायचं. एक बाई म्हणाली, मावशे, आंघोळीची मजुरी येगळी हं.

म्हातारा कुठे आहे याचं मला भान नव्हतं. आवाज आला म्हणून खाली बघितलं. तो बांधाच्या कोपऱ्यात फावडं घेऊन गुडघाभर चिखलात उभा होता आणि बांध फोडत होता. काठी बाजूला पडली होती. एक दगड हलवायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढचा दगड. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाच्या हातातली तार तशीच राहिली.

बांधापलीकडून दिराचा मुलगा म्हणाला, "चुलते, उभ्या जन्मात थेंब दिला न्हाई कुणाला. आज पाणी जड झालं व्हय?"

म्हाताऱ्याने वर बघितलंही नाही. "बोलू नको. फावडं घिऊन ये," म्हणाला.

तो गेला आणि फावडं घेऊन आला. मला वाटलं नव्हतं येईल. त्याच्याच रानाच्या कडेने चर काढून पाणी ओढ्याला न्यायचं होतं, म्हणजे पहिली माती त्याची जाणार होती. दोघांनी मिळून दिवस मावळेपर्यंत तोंड मोकळं केलं. पाणी गढूळ होतं, आवाज करत ओढ्यात गेलं. म्हातारा फावड्यावर टेकून ते जाताना बघत होता. मी त्याला घरी चला म्हणाले. म्हणाला, सगळं जाऊ दे मग येतो.

पुढे कोरडा वारा सुटला. हे आमचं नशीब म्हणा नाहीतर हवेची लहर. दिवसा ऊन आणि वारा, सकाळी गारवा. वरच्या मुरमाड भागातली माती लवकर सुकली. खालच्या भागात मणी तडकले होते. तडकलेल्या मण्यावर मधमाश्या आल्या की समजायचं आत आंबायला सुरुवात झाली. तिथे शिंदीसारखा वास यायला लागला. बाया कात्रीने सडके मणी एकेक काढत होत्या, पण एक काढला की त्याच्या मागे दुसरा दिसायचा. मुलगा रोज नळीत बघायचा, पण आकडा मोठ्याने सांगायचा नाही. एका सकाळी त्याने मॅडमला फोन केला.

तोडणी उजाडताच सुरू करतात. ऊन वर आलं की घड तापतो, आणि तापलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. गाडी रस्त्यावर उभी होती. मॅडमने आधी वरच्या ओळी तपासल्या आणि मान हलवली. ही मान पटलेली होती. मग खालच्या तपासल्या. एक घड हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत तारेवर सोडला. म्हणाली, इथला एकही क्रेट गाडीत चढवू नका, एका घडाने सगळा माल बिघडतो. मुलगा म्हणाला, ठीक आहे. ऊन चढायच्या आत वरचा माल भरून गाडी गेली.

खालचा माल आम्ही उकिरड्याच्या खड्ड्यात टाकला. तो तिथे आंबला आणि कितीतरी दिवस सगळ्या शिवाराला वास होता. आता भट्टी लावायचीच राहिली, असं दिराचा मुलगा म्हणाला. या वेळी त्याला बोलायचा हक्क होता, त्याचं अर्धं शेत चरातून वाहून गेल्याचं तो अजून सांगतो. हातभर गेलं होतं.

कारखान्याने पुढचा करार फक्त वरच्या भागाचा केला. काळ्या रानात ही द्राक्षं घेऊ नका, पाऊस थोडा जरी झाला तरी तिथे पाणी धरतं, असं मॅडमने सांगितलं. हे तिला पहिल्याच वर्षी सांगता आलं असतं, असं मला वाटलं आणि मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, आजी, आम्हीपण इथे नवीनच आहोत. हे खरं होतं.

मुलाने दोन दिवस विचार केला. मग ओट्यावर बसून मेव्हण्याला फोन लावला आणि म्हणाला, या वर्षी न्हाई जमत, ती जागा दुसऱ्याला द्या. सून आत भाकरी थापत होती, तिने थापणं थांबवलं नाही. खालच्या वेली काढायचं ठरलं तेव्हा म्हातारा म्हणाला, मी काढतो. मुलाने त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. बुडापासून तोडताना प्रत्येक वेलीतून पाणी गळत होतं, कारण जमीन ओली होती. आता तिथे कापूस असतो, आणि कापसाला म्हातारा हवं तितकं पाणी देतो.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मॅडमने एक बाटली आणून दिली. आमच्या त्या मालाची आहे म्हणाली, दुसऱ्यांच्या मालात मिसळलेली, पण आमचीही आहे. त्या वर्षीची हलकी झाली, असंही म्हणाली. जसं वर्ष तशी दारू, दरवर्षी चव वेगळी. मुलाने बूच काढलं. मी घोटभर घेतली. जांभळाची बी चावल्यासारखी जीभ ओढली. यासाठी माणसं पैसे देतात हे मला कळलं नाही, पण मी चहासुद्धा गोडमिट्ट पिते, तोसुद्धा गोळी घेऊन. म्हातारा पीत नाही. त्याने बाटलीच्या तोंडाला नाक लावलं.

"पाणी लई झालं का?" त्याने विचारलं.

मुलगा म्हणाला, "तुमच्यापुरतं झालं."

म्हाताऱ्याने बाटली खाली ठेवली. राग आला असं दिसलं नाही. उरलेली दारू सुनेच्या भावाने दिवाळीला येऊन संपवली. बाटलीत मी फिनेल भरून ठेवलं आहे.

बांधाचं तोंड अजून उघडं आहे. पावसाळ्याआधी म्हातारा जाऊन त्यातला गाळ आणि काटक्या काढतो. वरच्या द्राक्षाचं पाणी दरवर्षी तुटतं, पानं पिवळी पडतात. त्याची बाज ओट्यावर असते आणि तिथून वेली समोर दिसतात. मुलगा कॉक बंद करून आला की म्हातारा उठतो, बाजेचं तोंड रस्त्याकडे फिरवतो आणि तोडणी होईपर्यंत तसाच बसतो.